कन्सील्ड शॉवर व्हॉल्व्ह भिंतीत किती खोल बसवायचा, आणि भिंत बुजवण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाथरूम नव्यानं करायला घेतलंय. जुन्या टाइल आणि गिलावा विटेपर्यंत काढून झालाय. गरम-गार पाणी मिसळणारा कन्सील्ड, म्हणजे भिंतीत लपणारा, डायव्हर्टर (शॉवरचा व्हॉल्व्ह) आणून ठेवलाय. प्लंबर म्हणतो, "बॉडी आज भिंतीत बसवून टाकतो, पुढचं टाइलवाला बघून घेईल." तर बॉडी, म्हणजे डायव्हर्टरचा भिंतीत जाणारा भाग, किती खोल घ्यायची, किती उंचीवर, आणि भिंत बंद करण्याआधी काय काय पाहायचं?

आधी प्लंबरला थांबवा. टाइलवाल्याच्या हातात तेव्हा काहीच उरलेलं नसतं. बॉडी सिमेंटमध्ये पक्की झाली की ती पुढे-मागे होत नाही, आणि टाइलवाला काही तुमच्या डायव्हर्टरसाठी सगळी भिंत दहा मिलिमीटर पुढे आणणार नाही. आम्हाला दुरुस्तीला बोलावतात त्या कन्सील्ड व्हॉल्व्हपैकी बहुतेकांत माल चांगला असतो, प्लंबरचा हातही चांगला असतो. चुकलेलं असतं ते एकच माप: बॉडीचं माप उघड्या विटेवरून घेतलेलं असतं. ते घ्यायचं तयार टाइलच्या पृष्ठभागावरून. तो पृष्ठभाग आज अस्तित्वातच नाही, म्हणून तो आधी ठरवावा लागतो.

डायव्हर्टरच्या खोक्यात बॉडीवर प्लास्टिकचं एक टोपण असतं. गिलाव्याचा माल कार्ट्रिजवर (पाणी उघडणाऱ्या-मिसळणाऱ्या आतल्या भागावर) पडू नये म्हणून ते असतंच, पण त्याचं दुसरंही काम आहे. त्याच्या कडेला दोन रेषा किंवा दोन पायऱ्या असतात, जवळ मिनिमम आणि मॅक्सिमम लिहिलेलं असतं. टाइलचा बाहेरचा चेहरा या दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी आला पाहिजे. कंपनीच्या मापपत्रात हेच आकड्यांत दिलेलं असतं: बॉडीच्या पाठीपासून तयार भिंतीपर्यंत कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं. ही मापं प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात. "सगळे सारखेच असतात" असं म्हणणाऱ्या प्लंबरला ते मापपत्र उघडून दाखवा. तो कागद काम संपेपर्यंत भिंतीवर चिकटवून ठेवायचा, कारण टाइलवाल्यालाही तो लागणार आहे.

आता हिशेब. समजा तुमच्या मापपत्रात पाठीपासून टाइलच्या चेहऱ्यापर्यंत ६५ ते ८५ मिमी लिहिलंय. आपण मधलं धरू, ७५. विटेवर गिलावा १५ मिमी, वॉटरप्रूफिंगचे कोट २ मिमी, टाइलचं अॅडहेसिव्ह ५ मिमी, टाइल ९ मिमी. बेरीज ३१. म्हणजे ७५ मधून ३१ वजा करून ४४ मिमी बॉडी विटेच्या आत जाणार. बॉडीमागे माल भरायला पाच-सहा मिमी जागा हवी, म्हणून विटेत खड्डा ५० मिमीचा घ्यायचा. हीच टाइल अॅडहेसिव्हऐवजी सिमेंट-वाळूच्या मालावर लावणार असाल तर ५ मिमीच्या जागी १५ मिमी येतात, बेरीज ४१ होते, आणि बॉडी फक्त ३४ मिमी आत जाते. नुसत्या चिकटवण्याच्या पद्धतीनं दहा मिलिमीटरचा फरक पडला. म्हणून टाइल कोणती, किती जाड आणि कशावर लागणार, हे बॉडी बसवायच्या आधी नक्की झालेलं असावं. टाइल अजून पसंत करायची असेल तर प्लंबरला दुसरं काम द्या.

हा हिशेब भिंत सरळ असेल तर. जुनी भिंत क्वचितच सरळ असते. गिलावा काढल्यावर ओळंबा धरून पाहा. वर आणि खाली दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक निघणं अगदी नेहमीचं आहे. टाइलवाला ती भिंत ओळंब्यात आणणार, म्हणजे कुठे माल १० मिमी चढेल, कुठे २५. डायव्हर्टर ज्या जागी येतो तिथे नक्की किती चढेल हे कागदावर कळत नाही. त्यासाठी आम्ही असं करतो: ज्या भिंतीवर डायव्हर्टर येणार तिच्या दोन टोकांना, डायव्हर्टरच्याच उंचीवर, टाइलचे हाताच्या पंज्याएवढे दोन तुकडे मालावर चिकटवायचे. हे तुकडे टाइलवाल्यानंच लावायचे, त्याला भिंत जिथे आणायची आहे त्याच पातळीत, ओळंबा आणि गुण्या लावून. माल आवळला की एका तुकड्यावरून दुसऱ्यावर दोरी ताणायची. ती दोरी म्हणजे तुमची उद्याची टाइल. बॉडी खड्ड्यात धरायची आणि दोरी टोपणावरच्या दोन रेषांच्या मध्ये येते का ते डोळ्यांनी पाहायचं. बेरीज-वजाबाकी चुकू शकते, कोणीतरी टाइलची जाडी चुकीची सांगू शकतं. दोरीत ते सगळं पकडलं जातं. हे करायला अर्धा तास पुरतो आणि त्या अर्ध्या तासात प्लंबर आणि टाइलवाला एकमेकांशी बोलतात, जे एरवी अख्ख्या कामात होत नाही.

मध्यावर जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर मी थोडं आत झुकतं माप घेतो. बॉडी जास्त आत गेली तर बहुतेक कंपन्यांची एक्स्टेन्शन किट मिळते, तिनं स्पिंडल (ज्यावर बाहेरचा दांडा बसतो ती दातेरी कांडी) आणि कार्ट्रिजची बाही लांब करता येते. बॉडी जास्त बाहेर राहिली तर मात्र हाताशी काही राहत नाही. फ्लँज (टाइलवर बसणारी बाहेरची झाकणपट्टी) टाइलला टेकत नाही, मागे फट दिसते, त्या फटीतून पाणी आत जातं, आणि कोणीतरी ती सिलिकॉनचे जाड थर देऊन झाकतं. अर्थात एक्स्टेन्शन मिळते म्हणून निष्काळजीपणा करू नका. खूप आत गेलेलं कार्ट्रिज पुढे कधी बदलायचं झालं तर पाना आत पोचत नाही, आणि मग चांगली टाइल फोडावी लागते. एक्स्टेन्शन त्याच मॉडेलची आहे ना, हे घेताना पाहा. दिसायला सारख्या असल्या तरी स्पिंडलच्या दात्यांची संख्या वेगळी असते.

भिंतीकडेही पाहा. वीट किंवा ब्लॉकच्या भिंतीत उभी झिरी (पाइपसाठी खोदलेली खाच) भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल घेऊ नये, असा बांधकामातला सर्वमान्य ठोकताळा आहे. १०० मिमीच्या भिंतीत आडवी झिरी म्हणजे जेमतेम १६ मिमी. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपचा) बाहेरचा व्यासच २२ मिमी असतो, त्यामुळे अशा भिंतीत लांब आडवी लाइन नेऊच नका. पाइप वरून खाली आणा, आडवं अंतर अगदी थोडं ठेवा. बॉडीसाठी ५० मिमीचा खड्डा म्हणजे तर अर्धी भिंत गेली. अशा वेळी त्या भिंतीवर पुढे एक पातळ जोडभिंत घेणं किंवा बाहेरून बसणारा मिक्सर लावणं जास्त शहाणपणाचं. कॉलम, बीम किंवा आरसीसीची भिंत असेल तर छिन्नी लावायची नाही. सळई दिसली की काम थांबवायचं. डायव्हर्टरची जागा बदलता येते.

बाहेरून बसणाऱ्या मिक्सरचं सांगून टाकतो, कारण पुष्कळांना शेवटी तोच बरा पडतो. त्यात भिंतीत फक्त दोन आट्यांचे एल्बो असतात, मध्यापासून मध्य १५० मिमी. दोन्ही एका पातळीत हवेत, आणि तोंडं टाइलच्या चेहऱ्याशी सपाट यायला हवीत. वाकड्या कनेक्टरनं थोडाफार फरक निघतो, पण एक एल्बो आत आणि एक बाहेर असेल तर मिक्सर कायमचा तिरका दिसतो. खोलीचा नियम तिथेही हाच.

पुन्हा कन्सील्डकडे. खड्डा झाला, दोरीला माप जुळलं, आता बॉडी धरून ठेवायला काहीतरी हवं. नुसत्या पाइपांच्या आधारावर बॉडी लटकवून भोवती माल दाबला, तर माल आवळताना ती एका बाजूला कलते. शिवाय रोज दांडा फिरवताना, वर-खाली करताना तो जोर पाइपच्या जोडांवर येतो. बॉडीला पाय किंवा स्क्रूची भोकं दिलेली असतात, ती वापरा. प्लग मारून स्क्रूनं विटेला आवळा, मागे माल किंवा पक्के तुकडे देऊन खोली जमवा. जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाची पोकळ भिंत असेल तर आतल्या उभ्या पट्ट्यांमध्ये आडवी फळी किंवा पत्र्याची पट्टी टाकून तिच्यावर बॉडी बसवायची. बोर्डावर भार देऊन चालत नाही. मग लेव्हल दोन दिशांना लावा: आडवी, म्हणजे चेहरा वाकडा नको, आणि उभी, म्हणजे बॉडी वर किंवा खाली बघत नको. दुसरी लेव्हल बरेच जण लावतच नाहीत. बॉडी दोन अंशांनी जरी खाली झुकली तरी फ्लँजची वरची कड टाइलपासून सुटते, आणि नेमकं वरूनच पाणी ओघळत येतं.

उंचीबद्दल फार वाद घालायचं कारण नाही. डायव्हर्टरचा मध्य तयार फरशीपासून १००० ते १२०० मिमी, वरच्या शॉवरचा चेहरा २००० ते २१०० मिमी. घरात उंच माणसं असतील तर वाढवा, मुलं किंवा बसून अंघोळ करणारं कोणी असेल तर डायव्हर्टर खाली घ्या. इथेही तयार फरशीपासूनच मोजायचं. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, उतार आणि फरशी मिळून सहज ७०–१०० मिमी चढतात. उंचीपेक्षा मला जागा महत्त्वाची वाटते. डायव्हर्टर शॉवरच्या बरोबर खाली घेण्याची पद्धत पडलीय, कारण पाइप सरळ जातो. पण मग पाणी चालू करणारा माणूस पहिल्या थंड धारेखाली उभा असतो, किंवा पहिल्या कढत धारेखाली. भिंत उघडीच आहे तर डायव्हर्टर दाराच्या बाजूला सरकवा, म्हणजे बाहेर उभं राहून हात लांबवून पाणी चालू करता येईल आणि हवं तितकं कोमट झाल्यावर आत जाता येईल. एखाद-दोन एल्बो जास्त लागतात, तेवढंच.

बॉडीवर वरची बाजू दाखवणारा बाण किंवा खूण असते. वरचं तोंड शॉवरला, खालचं स्पाऊटला, म्हणजे खालच्या नळाला. उलटं बसलं तर स्पाऊट म्हटल्यावर शॉवर येतो. गरम पाणी डावीकडे, गार उजवीकडे. जगभर हाच संकेत आहे आणि दांड्यावरचा लाल-निळा ठिपकाही त्याच हिशेबानं असतो. दोन बाथरूम पाठीला पाठ लावून असतील आणि एकाच उभ्या लाइनवरून दोन्हींना पाणी घेतलं असेल, तर एका बाजूला गरम उजवीकडे येणार, हे विसरू नका. काही कार्ट्रिज १८० अंश फिरवून उलटं बसवता येतं, पण त्यावर विसंबण्यापेक्षा भिंत उघडी असताना पाइप ओलांडून घेणं बरं.

गरम आणि गार दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे का, हे आत्ताच विचारा. टाकीपासून शॉवरपर्यंत जितके मीटर उंची तितका दर मीटरला साधारण ०.१ बार दाब मिळतो. टाकीचं पाणी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल तर ०.३ बार, म्हणजे फारच कमी. अनेक कन्सील्ड आणि थर्मोस्टॅटिक (तापमान आपोआप राखणाऱ्या) मॉडेलांना निदान ०.५ ते १ बार लागतो. मग कोणीतरी फक्त गार लाइनला प्रेशर पंप लावतं, गरम तशीच टाकीवरून येते. डायव्हर्टरमध्ये दोन्ही भेटतात आणि जोराचं गार पाणी गरमाला मागे रेटतं. शॉवर कोमट होतच नाही, आणि दोष कार्ट्रिजला दिला जातो. गीझरला जाणारी आणि डायव्हर्टरला जाणारी गार लाइन एकाच दाबाच्या स्रोतावरून घ्या. पंप लावायचा तर दोन्हींच्या आधी.

शॉवर केवढा घेताय तेही गीझरशी ताडून पाहा. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर पाणी २० अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम दोन लिटर देऊ शकतो. ते विजेचं गणित आहे, कंपनी बदलून बदलत नाही. मिनिटाला १० लिटर सांडणारा मोठा रेन शॉवर त्यावर चालणार नाही. २५ लिटरच्या साठवणीच्या गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी आणि गार पाणी २० अंशांचं धरलं तर ४० अंशांचं सुमारे ५० लिटर होतं, म्हणजे त्याच शॉवरला पाच मिनिटं. हे कळल्यावर लोक शॉवर छोटा घेतात किंवा गीझर मोठा. दोन्ही चालेल, पण भिंत बुजवण्याआधी ठरवा, कारण मोठ्या शॉवरला डायव्हर्टरपर्यंत पाऊण इंची लाइन लागते.

दोन्ही लाइनवर डायव्हर्टरच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारे) आणि बंद करायचे कॉक घ्या. काही बॉडीत नॉन-रिटर्न आधीच असतात. ते का हवेत ते सांगतो. स्पाऊटच्या जागी किंवा शॉवरच्या पाइपवर बटणाचा हँड शॉवर लावला, आणि दांडा मध्यावर उघडा ठेवून फक्त हँड शॉवरचं बटण बंद केलं, तर डायव्हर्टरच्या आत गरम आणि गार लाइन एकमेकींना सरळ जोडल्या जातात. ज्या बाजूचा दाब जास्त तिचं पाणी दुसरीत घुसतं. मग बेसिनच्या गार नळाला गरम पाणी येतं, नाहीतर गीझर न वापरताच गार होतो. घरभर शोधूनही कारण सापडत नाही, कारण कुठे गळतीच नसते. म्हणून डायव्हर्टरच्या पुढे पाणी अडवणारा कुठलाही कॉक किंवा बटण असेल तर नॉन-रिटर्न हवाच.

आता जोड. पितळी बॉडीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेनं, म्हणजे तुमच्याकडे तोंड असलेल्या आट्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, ताणून. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. गरम लाइनला प्लास्टिकचे आटे वापरू नका, पितळी आट्यांची सीपीव्हीसी फिटिंग घ्या. प्लास्टिक गरम-गार होत सैल पडतं. प्लास्टिकच्या आतल्या आट्यात पितळेचा नर आटा जोरानं आवळला तर तो आज नाही, काही महिन्यांनी तडकतो. तेलकट सफेदा सीपीव्हीसीवर नको, त्यातली काही तेलं या प्लास्टिकला आतून चिरा पाडतात. बाहेरदेशी बनलेली बॉडी असेल तर आट्यांची जात विचारा. अर्धा इंचीत बीएसपी आणि एनपीटी या दोन्हींना इंचाला १४ आटे असतात, पण आट्याचा कोन एकात ५५ अंश आणि दुसऱ्यात ६०. त्यामुळे दोन-तीन वेढे छान जातात, पाना लावला की जड जातं, आणि माणूस जोर लावतो. तो जोड कधीच पक्का होत नाही.

सीपीव्हीसी जोडताना सॉल्व्हंट बेतानं लावा. भसाभस लावलेलं सॉल्व्हंट आत ओघळतं आणि बॉडीत जाऊन रबराच्या रिंगांना चिकटतं. आधी पाइप आणि फिटिंग जोडून सुकू द्या, मग बॉडीला आट्यांनी जोडा. तांब्याचा पाइप असेल आणि बॉडीला डाग द्यायचा असेल तर कार्ट्रिज काढून ठेवल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही.

जोड झाले की कार्ट्रिज काढून किंवा कंपनीनं दिलेला फ्लशिंग प्लग लावून दोन्ही लाइन धुऊन घ्या. बादलीभर पाणी सोडलं की पुरे. पहिल्या पाण्याबरोबर पाइप कापतानाचा भुसा, वाळूचे कण, सॉल्व्हंटचे पापुद्रे येतात. कार्ट्रिजमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर इतक्या सपाट बसलेल्या असतात की त्यांच्यामध्ये पाणी जात नाही. वाळूचा एक कण मध्ये अडकला की चकतीवर ओरखडा उठतो, आणि नवा डायव्हर्टर पहिल्या दिवसापासून थेंब-थेंब गळतो.

मग दाबाची परीक्षा. हे टाळू नका, आणि "नळ सोडून पाहिला, कुठे गळत नाही" यावर समाधान मानू नका. शॉवर आणि स्पाऊटची तोंडं डमीनं (तात्पुरत्या बुचानं) बंद करा, लाइनमधली सगळी हवा बाहेर काढून पाणी भरा, आणि हातपंपानं दाब द्या. तुमच्या लाइनचा नेहमीचा दाब असेल त्याच्या दीडपट धरतात. बॉडीची स्वतःची कमाल मर्यादा मापपत्रात असते, ती ओलांडायची नाही. सॉल्व्हंटचे जोड डब्यावर लिहिलेला वेळ सुकले पाहिजेत, घाईत दाब दिला तर जोड सुटतो. प्लास्टिकचा पाइप सुरुवातीला किंचित फुगतो, त्यामुळे काटा थोडा उतरतो. पुन्हा पंप मारून दाब जागेवर आणा, काट्याच्या जागी काचेवर मार्करनं रेघ ओढा, निदान दोन तास पाहा. रात्रभर ठेवलं तर जास्त चांगलं. मात्र रात्री थंडी पडली तर काटा थोडा खाली येतो, तेवढ्यानं घाबरू नका. सकाळी प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू दाबून पाहा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. एक सक्त सूचना: प्लास्टिकच्या पाइपात कॉम्प्रेसरची हवा भरून परीक्षा करू नका. दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते, पाइप फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

परीक्षा झाली की पंप काढून नेऊ देऊ नका. लाइन दाबाखाली ठेवूनच गिलावा आणि टाइलचं काम होऊ द्या. टाइलवाल्यानं कुठे खिळा ठोकला, ग्राइंडर पाइपला लागला, तर काटा त्याच क्षणी खाली पडतो आणि नेमकं कोणत्या कामाच्या वेळी काय झालं ते समजतं. नाहीतर हेच वर्षभरानं शेजारच्या खोलीच्या भिंतीला पोपडे आल्यावर समजतं.

भिंत बुजवण्याआधी फोटो काढा, पाइपांशेजारी मोजपट्टी धरून, फरशीपासून आणि कोपऱ्यापासून. पुढे आरसा, कठडा, कुठलीही खुंटी लावताना हा फोटो लागतो. झिरीतल्या गरम पाइपाला पातळ फोमची नळी किंवा टेप गुंडाळा. सीपीव्हीसीचा तीन मीटर पाइप ४० अंशांनी तापला की साधारण ७ मिमी लांबतो, आणि सिमेंटनं घट्ट धरला तर तो ताण जोडांवर जातो. तांब्यालाही वेष्टण हवंच, सिमेंटचा थेट स्पर्श त्याला चांगला नाही.

वॉटरप्रूफिंगवाल्याला बॉडीभोवती रबरी कॉलर लावायला सांगा आणि कोट त्या कॉलरवर चढवायला लावा. बॉडीभोवतीचं मोकळं छिद्र हे शॉवरच्या भिंतीतलं सगळ्यात कमकुवत ठिकाण असतं. टाइलमधलं भोक ग्राइंडरनं चौकोनी फाडू देऊ नका, होल सॉनं गोल पाडा: कार्ट्रिजचा नट पान्यासकट बाहेर येईल इतकं मोठं, आणि फ्लँजच्या कडेपासून सगळीकडे निदान १० मिमी आत राहील इतकं लहान. टोपण शेवटच्या ग्राउटिंगपर्यंत काढायचं नाही. कामगार ते काढून आत मालाचे हात घालतात, लक्ष ठेवा.

फ्लँज बसवताना सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खालची बोटभर जागा मोकळी सोडा. पुष्कळजण सगळीकडून बंद करतात, कारण ते नीटनेटकं दिसतं. पण पुढे कधी आत गळती सुरू झाली तर खालच्या त्या फटीतून पाणी टाइलवर ओघळताना दिसतं आणि लगेच कळतं. सगळं बंद असेल तर तेच पाणी भिंतीत मुरत राहतं.

सगळं बसल्यावर दांडा पूर्ण गरमाकडे फिरवून पाण्याचं तापमान थर्मामीटरनं मोजा. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची त्वचा साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजतं, ४९ अंशांना त्याला कित्येक मिनिटं लागतात. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची त्वचा त्याहून लवकर. बहुतेक चांगल्या कार्ट्रिजमध्ये गरमाची मर्यादा अडवणारी दातेरी चकती असते. दांडा काढला की ती दिसते, एक-एक दाता फिरवत कमाल तापमान ४३ अंशांच्या आसपास आणा. गार पाणी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळं असतं, म्हणून वर्षातून दोनदा ही चकती पुन्हा पाहावी लागते. घरात थोरांपैकी किंवा लहानांपैकी कोणी एकट्यानं अंघोळ करत असेल तर मी थर्मोस्टॅटिक बॉडीच घ्यायला सांगतो. गार पाणी अचानक बंद पडलं तर ती गरमही रोखते.

मापपत्र, कार्ट्रिजचा नंबर, उरलेल्या ओ-रिंगा, दांड्याची छोटी षटकोनी चावी आणि भिंतीचे फोटो एका पिशवीत घालून दोन्ही कॉक जिथे घेतलेत तिथेच टांगून ठेवा.